सातदेवे, सहादेवे आणि कंगालींची गोंडी

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर जवाहरनगर लागते. आयुध निर्माणीची ही वसाहत. केंद्र सरकारचा कारखाना असल्यामुळे माणसे देशभरातून आलेली, आणि एकाच इमारतीत बंगाली, भोजपुरी, तेलुगू अशा भाषा नांदतात. गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मात्र झाडीबोली. तिथे ‘ण’ आणि ‘ळ’ यांना फारसा थारा नाही. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो.

वसाहतीतले एखादे तेलुगू पोर पायऱ्या मोजत उतरते तेव्हा म्हणते, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. मराठी शेजाऱ्याला ही मोजणी फार लांबून आलेली वाटते. पण वैनगंगेच्या याच खोऱ्यात कित्येक शतके तिच्या सख्ख्या बहिणीसारखी एक मोजणी चालत आली आहे: उंदी, रंड, मूंद, नालुंग, सय्यूंग, सारुंग, येडुंग. ही गोंडी. मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी यांच्या गराड्यात सापडलेली द्राविडी कुळातली भाषा.

भंडारा जिल्ह्यात मडावी, उईके, कुमरे, टेकाम, वरखडे ही आडनावे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. शाळेच्या हजेरीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, बँकेच्या रांगेत ती भेटतात. ती गोंडी आहेत हे सगळ्यांना माहीत असते. त्यांना अर्थ आहे हे थोड्यांना. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग, त्यावरून टेकाम. ‘मर्का’ म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. वरखडे हे नाव रानमांजराशी जोडतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात या कुळनामांची लांबलचक यादी आहे. ज्या झाडाचे किंवा प्राण्याचे नाव कुळाला, त्याला इजा करायची नाही, असा जुना दंडक.

भाषा बोलायची थांबली तरी तिचा एखादा हिशेब मागे उरतो. गोंडांच्या घरी सोयरीक ठरवताना पहिली चौकशी असते ती देवांची. तुम्ही किती देवे? कोणी सांगते सातदेवे, कोणी सहादेवे, कोणी पाचदेवे, कोणी चारदेवे. प्रत्येक कूळ ठरावीक संख्येच्या देवांच्या गटात मोडते, आणि एकाच संख्येच्या गटातली माणसे एकमेकांची भाऊबंद. सातदेव्याची सोयरीक सातदेव्याकडे होत नाही. या गटाला गोंडीत ‘सगा’ म्हणतात. मराठी कानाला यात गंमत वाटेल, कारण आपल्याकडे सगासोयरा एका दमात म्हणतात. गोंडांच्या सग्यात सोयरा बसतच नाही. आदिलाबादकडचे गोंड हेच गट येरवेन, सारवेन, सैवेन, नालवेन या नावांनी सांगतात. येडुंग, सारुंग, सय्यूंग, नालुंग या आकड्यांचीच ती रूपे. भंडाऱ्याकडच्या ज्या घरांतून गोंडी कधीच गेली तिथेही देव मात्र अजून मोजले जातात. फक्त मराठीतून.

या मोजणीचा, तिच्यामागच्या कथांचा आणि त्या ज्या भाषेत सांगितल्या गेल्या तिचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा माणूस याच पट्ट्यातला. मोतीरावण कंगाली. जन्म २ फेब्रुवारी १९४९, गाव दुलारा, तालुका रामटेक. जवाहरनगरहून रामटेक तासा-दीड तासाच्या वाटेवर. मूळ नाव मोतीराम; पुढे त्यांनी ते जाणूनबुजून मोतीरावण केले. एका अक्षरगटाच्या बदलात या माणसाची भूमिका पुरी कळते. नोकरी नागपूरला, रिझर्व्ह बँकेत. दिवसा बँकेचे कागद आणि उरलेल्या वेळात गोंडी: व्याकरण, शब्दसंग्रह, गोंडी पुनेम म्हणजे गोंडांचा धर्मविचार, देवस्थानांची माहिती. विद्यापीठात खुर्ची नाही, संशोधन संस्थेची मोटार नाही. पुढे गोंडांच्या सांस्कृतिक मूल्यांच्या तात्त्विक बैठकीवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेटही मिळवली. पत्नी चंद्रलेखा याही याच विषयात लिहिणाऱ्या. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी कंगाली गेले.

मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे नसेल तर त्याचे एक कारण साधे आहे. कंगालींनी मुख्यतः हिंदीत लिहिले. ज्यांच्यासाठी लिहायचे ते गोंड महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगण अशा चार-पाच राज्यांत वाटले गेलेले. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हे त्यांचे पुस्तक बालाघाटला, छिंदवाड्याला, बस्तरला वाचले जावे तर ते हिंदीतच असायला हवे होते. मराठीचे यात नुकसान झाले खरे, पण तक्रार करायला जागा नाही. मराठीने गोंडीकडे स्वतःहून किती वेळा पाहिले?

कंगालींच्या आधी गोंडी लिहून घेणारे बहुतेक बाहेरून आलेले. त्यांतला पहिला ठळक माणूस नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली तो नागपुरात आला. धर्मप्रसार हे काम, पण खडक आणि जीवाश्म यांचे वेड दांडगे. एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव पडले ते त्याच्यावरूनच. हा माणूस गावोगाव हिंडताना भाषाही टिपून घेई. गोंडांच्या कथा गाणारे ते परधान. हातात किंगरी, पाठ असलेली वंशावळ, आणि रात्र सरेपर्यंत न संपणारी कथा. अशाच एका परधानाकडून हिस्लॉपने लिंगोचे महाकाव्य गोंडीत उतरवून घेतले. ते छापलेले मात्र त्याला पाहता आले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना संध्याकाळी पूर आलेल्या ओढ्यात तो घोड्यासह उतरला आणि बुडाला. त्याचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्याच्या नावाने नागपुरात कॉलेज निघाले. कॉलेजचे नाव नागपूरच्या रिक्षावाल्यालाही पाठ असते. लिंगोची कथा लिहून घेणारा तोच हा माणूस, हे सांगावे लागते.

त्या कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर मोठी शिळा लावतो. चौघे निसटतात आणि काचीकोपा लोहागड नावाच्या ठिकाणी जाऊन राहतात. लिंगो त्यांना भेटतो, शेती आणि अग्नी शिकवतो, छळ सोसतो, आणि शेवटी कोंडलेल्यांना सोडवून त्यांची कुळे बसवतो. नीट पाहिले तर सोयरिकीच्या वेळच्या त्या देव मोजण्याचे मूळ इथे आहे. काचीकोपा लोहागड नकाशावर कुठे, याचे उत्तर छापील पुस्तकात नव्हते. विद्वानांच्या लेखी ते पुराणातले एक नाव होते.

कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८०च्या दशकात त्याचा माग काढत बोट ठेवले ते कचारगडवर. सालेकसा तालुका, मुंबई–हावडा मार्गावरच्या दरेकसा स्थानकाजवळचे डोंगर, दाट जंगल आणि त्यात प्रचंड नैसर्गिक गुहा. हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. स्थानिक गोंडांची या गुहेवर श्रद्धा होतीच. त्या श्रद्धेत काली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडली जातात, आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड त्यांना सोडवतात. हिरासुका पाटालीर किंगरी वाजवतो. मूठभर माणसांनी माघ पौर्णिमेला तिथे जायला सुरुवात केली. आज त्या दिवसांत अनेक राज्यांतून लाखोंच्या संख्येने माणसे तिथे लोटतात. काचीकोपा लोहागड म्हणजे नेमके कचारगडच का, याचा पुराणवस्तुशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा पुरावा मागितला तर तो देता येणार नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी अहवालात अडकून पडलेली कथा एका माणसाने उचलून ज्यांची होती त्यांच्या पायाखाली परत आणून ठेवली, ही गोष्ट पुरावा असो-नसो, घडली आहे.

हिस्लॉप आणि कंगाली यांच्या मधल्या काळात आणखी काही जण येऊन गेले, आणि त्यांच्यापैकी दोघांना टाळून पुढे जाता येत नाही.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ साली युद्ध पेटले तेव्हा तो भारतात होता आणि त्याचा पासपोर्ट जर्मन. इंग्रजांच्या हिशेबी शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्याला निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाली, आणि ही नजरकैद त्याच्या कामाला पर्वणी ठरली. १९४० साली आदिलाबादेतल्या जोडेघाटला कुमरम भीम आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. जंगल आणि जमिनीवरून गोंड का पेटले हे निजाम सरकारला समजून घ्यायचे होते. हायमेनडॉर्फ पत्नी बेट्टीसह मारलावाई गावी झोपडी बांधून राहिला, गोंडी शिकला, आणि १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांच्या कथा-विधींवर त्याचा जाडजूड ग्रंथ आला. पुढे तो लंडनला प्राध्यापक झाला, नेपाळच्या शेर्पांवर लिहू लागला, पण मारलावाईला येत राहिला. बेट्टी १९८७ साली हैदराबादला वारल्या, त्यांना मारलावाईतच पुरले. तिथले गोंड आजही त्या समाधीवर जातात.

मारलावाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडीतली वाचनपाठांची पुस्तके तयार झाली. त्यांची लिपी कोणती? देवनागरी. तेव्हा आदिलाबादच्या गोंडांना बाहेरच्या जगाशी बोलायची भाषा म्हणून मराठीच ठाऊक होती. हा तपशील मराठी माणसाने लक्षात ठेवावा असा आहे.

दुसरे सेतुमाधवराव पगडी. निलंग्यात १९१० साली जन्मलेला हा माणूस मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून ठाऊक. शिवकाल, मोगल कागदपत्रे, शिवाय गालिब आणि इक्बाल. पण हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादेत होते आणि कचेरीत येणाऱ्या गोंड-कोलामांशी दुभाष्याविना बोलता यावे म्हणून त्या भाषा शिकले. आदिलाबादच्या गोंडांवर १९४९ मध्ये, कोलामीच्या व्याकरणावर १९५० मध्ये आणि गोंडीच्या व्याकरणावर १९५४ मध्ये त्यांनी इंग्रजीत पुस्तके काढली. बरो आणि एमेनो यांनी केलेला द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश जगभर प्रमाण मानतात. त्यात काही शब्दांपुढे पगडींच्या नावाची आद्याक्षरे आहेत. महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याच्या टिपणवहीतून शब्द तिथवर पोचले.

या एमेनोचा धागा थेट विदर्भात येतो. मरे एमेनो मूळचा कॅनडाचा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्याने एडवर्ड सपीरकडून कोश नसलेल्या भाषा ऐकून-लिहून घ्यायची शिस्त घेतली, आणि १९३५ ते १९३८ या काळात तो भारतात फिरला. निलगिरीतल्या तोडा आणि कोता भाषा झाल्यावर त्याने कोलामी टिपली ती वर्धा जिल्ह्यात. त्याचे कोलामीवरचे पुस्तक १९५५ चे. पुढच्याच वर्षी त्याने एक गाजलेला निबंध लिहिला: भारतातल्या भाषा कुळाने वेगळ्या असल्या तरी हजारो वर्षांच्या शेजाराने एकमेकींसारख्या वागू लागल्या आहेत. त्याच्या दाखल्यांत आपल्या रोजच्या बोलण्यातला एक चाळा आहे. आपण ‘चहाबिहा’, ‘जेवणबिवण’ म्हणतो. शब्द एकदा सरळ म्हणायचा, मग पहिले अक्षर बदलून पुन्हा. द्राविडी भाषांत हेच चालते, तिथे बहुधा ‘गि’ लावून. म्हणजे टपरीवरचा ‘चहाबिहा’ हासुद्धा या शेजाराचा पुरावा.

सपीरची ही शिस्त आली कुठून? अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून. त्याचा गुरू फ्रान्झ बोआस. बोआसचा आणखी एक शिष्य आल्फ्रेड क्रोबर. क्रोबरने विसाव्या शतकाच्या तोंडावर आरापाहो या मूळ रहिवासी जमातीत राहून त्यांच्या नक्षीकामातल्या खुणांवर प्रबंध लिहिला आणि मग बर्कली येथे मानववंशशास्त्राचा विभाग उभा केला. एमेनो पुढे त्याच विद्यापीठात शिकवायला गेला. आरापाहोंचे पुढे काय झाले हे गोंडी समोर ठेवून वाचावे. प्रागमध्ये जन्मलेला झ्देनेक झाल्त्समान अमेरिकेत गेला आणि १९४०च्या दशकाअखेर आरापाहोकडे वळला तो कायमचा. सुरुवातीला ध्वनी आणि रूपे यांचे कोरडे शोधनिबंध. मग वायोमिंगमधल्या विंड रिव्हर वस्तीवर शाळांना भाषा शिकवायची होती. त्यासाठी त्याने लिहायची पद्धत बसवून दिली आणि १९८३ मध्ये कोश केला. तोवर घरोघरी मुले इंग्रजी बोलू लागली होती. १९९४ मध्ये आरापाहो अभ्यासक स्टीफन ग्रेमॉर्निंग यांच्या पुढाकाराने डिस्नेचा ‘बॅम्बी’ चित्रपट आरापाहोत बोलता झाला. हरणाचे पाडस आपल्या भाषेत बोलले तर मुले ऐकतील, असा तो बेत. कंगालींनी गोंडी शिकण्याची पुस्तिका काढली तीही अशाच हेतूने. चित्रपटासाठी डिस्ने मात्र भेटला नाही.

गोंडीचा आकडा आरापाहोपेक्षा कितीतरी मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार माणसांनी गोंडी मातृभाषा सांगितली. पण गोंड एक कोटीच्या वर. एकट्या महाराष्ट्रात गोंड १६ लाखांच्या आसपास आणि गोंडी सांगणारे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ते बहुतेक गडचिरोली-चंद्रपूरकडचे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने तिचे आणखी तुकडे केले: भंडारा, चांदा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले, आदिलाबाद आंध्रात गेले. आदिलाबादच्या गोंडाचे पोर तेलुगू लिपी शिकले, चंद्रपूरच्याचे देवनागरी. दोघांनी एकमेकांना पत्र लिहायचे म्हटले तर वाचायची पंचाईत. गोंडीच्या स्वतःच्या लिप्याही दोन आहेत. एक बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली; दुसरी आदिलाबादेतल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांत २००६ मध्ये आढळलेली. पहिलीला २०१७ मध्ये आणि दुसरीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. फोनवर दोन्ही लिहिता येतात. वाचणारा शोधावा लागतो.

कंगालींचे काम इथे दुहेरी दिसते. व्याकरणकार म्हणून ते जमिनीवर असतात. गोंडीत ‘तो’ला ‘वोर’ आणि ‘ती’ला ‘अद’. पण ‘अद’ म्हणजे बाई, तसेच गाय, झाड, दगडही. एकवचनात पुरुष एकीकडे आणि उरलेली सगळी सृष्टी दुसरीकडे. मराठीच्या तीन लिंगांत वाढलेल्याला हे चमत्कारिक वाटते. कुळाने द्राविडी असलेल्या कित्येक भाषांत असेच आहे, तेलुगूतसुद्धा. जवाहरनगरच्या तेलुगू पोराला यात काहीच नवल वाटणार नाही.

दुसरीकडे त्यांची झेप. २००२ मध्ये कंगालींनी सिंधू लिपीचे गोंडीतून वाचन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर गोंडी सगा आणि देव दिसतात, असे त्यांचे म्हणणे. सिंधू लिपीमागे द्राविडी भाषा असावी हा कयास इरावतम महादेवन आणि आस्को पार्पोला यांच्यासारख्या अभ्यासकांचाही. पण लेख फार छोटे, सरासरी पाचेक चिन्हांचे, आणि ताडून पाहायला दुभाषी लेख एकही नाही. म्हणून आजवरचे कोणतेच वाचन विद्वानांना मान्य झालेले नाही, कंगालींचेही नाही. ज्या माणसाने आपल्या भाषेची रूपे इतक्या काटेकोरपणे नोंदवली त्याने मुद्रांच्या बाबतीत हात सैल सोडला, असे वाटते. मात्र ज्यांना शतकभर ‘रानटी’ या एका शब्दात गुंडाळले त्यांच्यातल्या माणसाला आपला वंशवृक्ष हडप्पापर्यंत नेण्याचा मोह व्हावा, यात कळण्यासारखे पुष्कळ आहे. इतिहासाच्या बाबतीत मराठी माणसाने या मोहावर फार बोलू नये हे बरे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यता नसल्यावरून शिक्षण खात्याची नोटीस आली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. मारलावाईच्या देवनागरी पाठ्यपुस्तकांनंतर पाऊणशे वर्षांनी वाद पुन्हा तिथेच: मुलाला पहिला धडा कोणत्या भाषेत द्यायचा.

माघ पौर्णिमेच्या सुमारास नागपूर, भंडारा रोडहून निघालेल्या गाड्या दरेकशाला रिकाम्या होतात. पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, पाठीवर शिदोरी. ओळख निघते ती ‘सेवा जोहार’ने. मग गाव, मग आडनाव, मग किती देवे. बैतूलकडची गोंडी आणि आदिलाबादची गोंडी यांत अंतर इतके की इथपर्यंत आल्यावर बोलणे बऱ्याचदा हिंदीवर जाते. वाटेवर पुस्तकांची दुकाने लागतात. त्यांत कंगालींची पुस्तके असतात, बाजूला दिनदर्शिका, लिंगोची चित्रे आणि गोंडी अंकांचा तक्ता. भंडाऱ्याकडचे एखादे मडावी कुटुंब तिथे थांबते, पोर तक्त्यावर बोट ठेवून वाचू लागते: उंदी, रंड, मूंद. सातव्या आकड्याशी बाप त्याला थांबवतो आणि म्हणतो, हे आपले.